पाहुण्यांची खोली

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "वाघ दिसला का?" चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाऊन आले म्हटल्यावर पुण्यातल्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. नाही दिसला. मी वाघ बघायला गेलेच नव्हते. मी एका मुलीला मार्गदर्शन करायला गेले होते आणि आल्यापासून तिच्या हेव्याने जळते आहे.

का, ते कळायला आधी माझं थोडं ऐकावं लागेल. लहानपणी मला पोलिओ झाला. उजवा पाय नावाला आहे, डावा कसाबसा साथ देतो, बाकी भार दोन कुबड्यांवर. दहावी-बारावी झाली तेव्हा वडील कॉलेज बघून आले आणि म्हणाले, "विमल, जिने फार आहेत गं. घरूनच परीक्षा दे." दिली. बी.ए. बाहेरून, एम.ए. बाहेरून, मग बँकेत नोकरी, मग निवृत्ती. लोक कौतुक करतात आणि मी ते करून घेते. स्वभाव मात्र पहिल्यापासून मत्सरी. माझी बहीण म्हणते, हिला दुसऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा जास्त गार लागतं.

शैला नावाची मुलगी पूर्वी आमच्या शेजारी भाड्याने राहून शिकत होती. मूळची ब्रह्मपुरीची, आता तिकडच्याच एका कॉलेजात मराठी शिकवते. तिचा फोन आला. "विमलताई, आमच्याकडे एक मुलगी आहे, कांचन. तुमच्यासारखीच. तिच्या पुढच्या शिक्षणाबद्दल मीटिंग आहे आणि प्राचार्यांना तुम्ही हव्या आहात." तुमच्यासारखीच, हा शब्द मला फार आवडला. मी बॅग भरायला घेतली.

ब्रह्मपुरी

बल्लारपूरला गाडी बदलली. तिथून ब्रह्मपुरीकडे जाणारी गाडी साग-बांबूच्या मधून जाते. जंगल सरलं की धानाच्या बांध्या, बांध्या सरल्या की तलाव, आणि तलाव बघून होतो तोवर पुन्हा जंगल. कापणी होऊन गेली होती. शेतात धानाचे पुंजणे रचून ठेवलेले होते आणि स्टेशनांच्या भिंतींवर नाटकांच्या जाहिराती चिकटवलेल्या होत्या. इकडे थंडीत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात म्हणे.

समोर बसलेल्या बाईंनी माझ्या कुबड्या उचलून वरच्या फळीवर ठेवल्या आणि सरळ विचारलं, "पायाले काय झालं वो बाई?"

पुण्यात असं कुणी विचारत नाही. पुण्यात लोक आधी बघतात, मग बघितलंच नाही असं दाखवायला खिडकीबाहेर बघतात. मी पोलिओ म्हणताच बाई म्हणाल्या, "असं काय," आणि डब्यातला चिवडा माझ्या हातावर ठेवला. विषय संपला. माझ्या हेव्याचा पहिला हप्ता तिथेच सुरू झाला. असा विषय संपवणारी माणसं मला वेळेवर का भेटली नाहीत?

शैला रिक्षा घेऊन स्टेशनवर आली होती. तिने मला कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात उतरवलं, तळमजल्यावरच्या पाहुण्यांच्या खोलीत. दाराला उंबरठा नाही. संडास कमोडचा आणि शेजारी भिंतीत धरायला दांडी. दोन पलंग, धुतलेले पडदे, टेबलावर प्लॅस्टिकची फुलं. मी आतून कडी लावून दोनदा त्या दांडीला धरून उठून-बसून पाहिलं. माझ्या स्वतःच्या घरात अशी दांडी बसवायला मी नोकरीची निम्मी वर्षं घालवली होती.

"केवढी सोयीची खोली," मी शैलाला म्हणाले.

"पाहुण्यांसाठी ठेवलीये. एरवी कुलूपच असतं," ती म्हणाली.

जेवण मेसमध्ये. लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी, डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा आणि भात. तो भात मी वर्णन करत बसत नाही. एवढंच सांगते की आम्ही पुण्यात ज्याला सुवासिक तांदूळ म्हणून पैसे मोजतो, तो खाऊन इकडची माणसं आजारी पडतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलाबरोबर कॉलेजच्या फाटकाशी उभी होते, तेवढ्यात एक काळी-पिळी जीप धुरळा उडवत आली. आत माणसं कोंबलेली, मागे लटकलेली, आणि टपावर चाकं वर करून दोरीने बांधलेली एक तीनचाकी सायकल. हातांनी पॅडल मारायची, अपंगांना मिळते ती. दोन पोरं टपावर चढली, सायकल खाली आली. पुढच्या सीटवरून दोन मुलींनी हातांची गुंफण करून एका मुलीला उचललं. बारीक, सावळी, नखांना लालभडक रंग, तोंडात चिक्की. उचलल्या उचलल्या ती ओरडली, "हळू ना वो! काल पाडलं होतं मले!"

"तूच हसून राह्यली होती, म्हनून पडली," उचलणाऱ्यांपैकी एक म्हणाली. ही प्रणाली, तिच्याच गावची मैत्रीण.

ती चिक्कीवाली कांचन. तुमच्यासारखीच म्हणे! मी त्या वयात नखं रंगवली नव्हती आणि मला कुणी कधी पाडलंही नव्हतं. पाडायला आधी कुणी उचलावं लागतं.

मग सायकल ढकलायची कुणी, यावर वाद सुरू झाला. मला वाटलं, टाळाटाळ चालली आहे. पण नाही. प्रत्येकीचं म्हणणं, आज माझी पाळी. शैला हसत म्हणाली, "ताई, आमच्याकडे धानाचा रोवणा असतो ना, भाताची लावणी, तेव्हा आज सगळ्यांनी तुझ्या बांधीत, उद्या सगळ्यांनी माझ्या बांधीत, अशी पाळी चालते. या पोरींनी सायकलीला तीच पद्धत लावलीये."

"आणि ही कुणाच्या बांधीत जाते?" मी जरा खवचटपणेच विचारलं.

"हिचं अक्षर बघा. अर्ध्या वर्गाच्या वह्या हीच पुऱ्या करते. ज्या दिवशी हिचा हात दुखतो, त्या दिवशी सायकल ढकलायला कुणी सापडत नाही."

म्हणजे उपकारबिपकार काही नाही, सरळ देवाणघेवाण. मला जन्मभर लोकांनी मदत केली आणि प्रत्येक वेळी मी आभार मानत राहिले. इथे ही चिक्की चघळत ढकलणाऱ्यांवर ओरडत होती. माझा जळफळाट झाला, दुसरा शब्द नाही.

शैलाच्या तासाला मी मागच्या बाकावर बसले. तिने नावं वाचून हजेरी घेतली. कांचनचं नाव येताच तिने जरुरीपेक्षा मोठ्याने "येस मॅडम" म्हटलं. पुढे सगळा तास ती प्रणालीच्या कानाशी लागून खुसखुसत होती. शेवटी शैला वैतागून म्हणाली, "कांचन, बाहेर घालवू का?" कांचनने मान खाली घातली आणि शैलाची पाठ वळताच पुन्हा हसली.

तिला ओरडा बसला, याचा मला हेवा वाटला. वाचणाऱ्याला हे वेडेपणाचं वाटेल. पण माझ्या पदवीच्या वर्षांत मला कुणी ओरडलं नाही, कारण ओरडायला समोर कुणी नव्हतंच. टेबल, दिवा, पुस्तक, आणि आई अधूनमधून चहा आणून ठेवायची.

कॅन्टीनमध्ये मी तिला विचारलं, "तास बुडवतेस की नाही?"

"बुडवतो ना," ती म्हणाली. इकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना अशाच बोलतात, जातो, येतो, बुडवतो. "माझी हजेरी प्रणाली लावते. तिची मी लावतो. तुमी नाई बुडवले?"

मी म्हणाले, "आमच्या वेळी असलं नव्हतं." खोटं नव्हतं ते.

नदीपलीकडे

दुपारी त्याच जीपने मी कांचनबरोबर तिच्या गावी निघाले. वैनगंगेच्या पुलावरून जिल्हा बदलतो. थंडीतली नदी रुंद वाळूत एका कडेला सरकून वाहत होती. पूल ओलांडून जीप आत वळली आणि मोहाच्या झाडांखालून गावात शिरली. पोरांनी टपावरची सायकल उतरवली, कांचनला उतरवलं, प्रणालीने मला हात दिला, जीप गेली. धुरळा खाली बसल्यावर माझ्या लक्षात आलं की कुबड्या सायकलीशेजारी टपावर बांधल्या होत्या आणि त्या आता आरमोरीच्या वाटेला लागल्या आहेत.

माझा चेहरा बघून कांचन पोट धरून हसली. "आता तुमी बी आमच्यावानी झाल्या!"

मला राग आला होता. पण हातांची गुंफण तयारच होती. साठीच्या बाईला दोन पोरींनी कांचनच्या अंगणापर्यंत झुलवत नेलं, आणि वाटेत मला पाडण्याची धमकी तीनदा तरी दिली.

कांचनचे वडील देवाजीभाऊ. जेमतेम धान पिकवतात, उरलेले दिवस बांधकामावर जातात. घरासमोर छोटं बुद्धविहार आहे, संध्याकाळी तिथल्या पोरांचा अभ्यास कांचनच घेते. देवाजीभाऊंनी जीपवाल्याला फोन लावला, परतीच्या फेरीला कुबड्या टाकून जा म्हणून सांगितलं, आणि मग तेवढ्या वेळासाठी घराच्या मागून बांबू तोडून आणून माझ्या उंचीचा कापला. कांचनच्या आईने नदीच्या झिंग्यांची भाजी आणि भात वाढला. झिंगे मी कधी खाल्ले नव्हते. दोनदा मागून घेतले.

जेवण झाल्यावर देवाजीभाऊ मुद्द्यावर आले. "बाई, हा जीपवाला होळीनंतर जीप विकून राह्यला. दुसरा म्हनते, सायकल टपावर घेत नाई, माझी सवारी कमी होते. अन् पावसाळ्यात तं नालाच भरते. मागच्या साली पोरगी परीक्षेले गेली नाई त्याच्यानं. होस्टेल भेटलं तं शिकन. नाई तं घरी."

"मग होस्टेलला अडचण काय आहे?"

"सर म्हनते, मुलींच्या खोल्या वरतेच हायेत. खाली खोली नाई. म्हनून सर म्हनते, घरूनच बीए करन, मुक्त विद्यापीठातून. तुमचंच उदाहरन देते. पुन्याच्या बाईनं घरी बसून दोन-दोन डिग्र्या घेतल्या म्हनते. तुमी सांगसान तं आमी ऐकून घेऊ."

म्हणजे मला यासाठी बोलावलं होतं. माझ्यासारखं घरी बसून होतं, हे तिला समजावून सांगायला. मार्गदर्शन ते हेच.

कांचन नखांचा रंग खरवडत बसली होती.

आता इथे मी खरं सांगणार आहे. तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की सांगून टाकावं. काय वाईट झालं माझं? नोकरी लागली, पेन्शन आहे. एक वाक्य बोलायचं होतं, उद्या मीटिंगमध्ये, सगळ्यांनी मान डोलावली असती. मग ही पण टेबल, दिवा, पुस्तक घेऊन बसली असती. मग चिक्की नाही, प्रणाली नाही, ओरडा नाही. मग ती खरोखर माझ्यासारखीच झाली असती. आणि मला जरा बरं वाटलं असतं.

जीप आली, कुबड्या आल्या. मी चढत असताना कांचनने फक्त विचारलं, "मॅडम, घरी शिकताना तुमी कोनाशी बोलत होत्या?"

मी म्हणाले, "आईशी." आणि मग पुलापर्यंत आठवून पाहिलं, तर दुसरं नाव सापडेना.

मीटिंग

प्राचार्य भला माणूस निघाला, त्यामुळे भांडणही नीट करता येईना. त्यांनी मला शाल दिली, नारळ दिला. समोर शैला, वसतिगृहाच्या रेक्टरबाई, देवाजीभाऊ, आणि दारात सायकलीवर कांचन. प्राचार्य म्हणाले, "मुलीचे हाल बघवत नाहीत. टपावर सायकल, पावसात नाला. शिक्षण तर व्हायला पाहिजे, पण हाल नकोत. विमलताईंनी घरी राहून जे मिळवलं, ते आमच्या कॉलेजात येऊन मुलं मिळवत नाहीत. ताई, तुम्ही सांगा तिला."

मी उठले नाही, उठायला वेळ लागतो. बसूनच म्हणाले, "सर, मला या मुलीचा हेवा वाटतो."

प्राचार्यांना वाटलं, ही प्रस्तावना आहे. ते हसून मान डोलवत राहिले.

"खरंच वाटतो. कालपासून मी जळते आहे. हिला मैत्रिणी पाडतात. हिला शैला वर्गाबाहेर काढीन म्हणते. ही दुसऱ्यांच्या वह्या लिहिते. मला दोन पदव्या मिळाल्या सर, पण यातलं काही मिळालं नाही. पदवी हिला घरी मिळेल, मला मिळाली तशी. बाकीचं मिळणार नाही. आणि ती माझ्यासारखी घरी बसली तर मला मनातून आनंद होईल, म्हणून माझा सल्ला तुम्ही घेऊ नका."

देवाजीभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. शैला खाली बघत होती.

रेक्टरबाई हळूच म्हणाल्या, "पण खोली नाही ना ताई. मुलींच्या खोल्या सगळ्या वर आहेत."

"मी कुठे झोपते आहे?" मी विचारलं.

"ती पाहुण्यांची आहे," त्या चटकन म्हणाल्या. आणि मग स्वतःच थांबल्या.

त्यांना दोष देणार नाही. त्या खोलीत मुलगी राहू शकते, हे कुणी लपवलं नव्हतं, कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. घरात सगळ्यात चांगली जागा पाहुण्यासाठी ठेवायची, ही इकडची रीत. घरचे कुठेही पडतील, पण पाहुण्याला पलंग. ती दांडी, तो कमोड, उंबरठ्याविना दार, सगळं एका वयस्कर पाहुण्यासाठी कधीतरी करून घेतलेलं, आणि तेव्हापासून कुलपात.

"मग पाहुणे आले तर कुठं ठेवायचे?" रेक्टरबाई प्राचार्यांकडे बघत म्हणाल्या.

दारातून कांचन म्हणाली, "वरते ठेवा ना. पाहुन्याइले तं पाय हायेत."

प्राचार्य असे हसले की खुर्ची करकरली. "या ताईंना नाहीत ना," ते माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले.

"या आल्या तं माझ्या खोलीत झोपतीन," कांचन म्हणाली. "दोन पलंग हायेत थिथी. मी पाहून आलो."

तर असं ठरलं. परीक्षेपर्यंत खोली कांचनची. पुढच्या वर्षाचं समितीपुढे ठेवू, असं प्राचार्य म्हणाले, आणि समितीपुढे म्हणजे काय ते बँकेत जन्म गेलेल्या मला कळतं. पण देवाजीभाऊंनी पुन्हा टोपी घातली आणि म्हणाले, "एवढी परीक्षा तं निघन." शैलाने किल्ली रेक्टरबाईंकडून तिथल्या तिथे मागून घेतली. शहाणी आहे ती.

निघताना

माझी गाडी दुपारची होती. सकाळी मी बॅग भरून खोलीच्या दाराशी बसले होते आणि कांचनचं सामान आत येत होतं. एक पत्र्याची पेटी, चटई, तांदळाचं पोतं. प्लॅस्टिकची फुलं तिने आल्या आल्या खिडकीत नेऊन ठेवली आणि टेबलावर नखांच्या रंगाच्या बाटल्या मांडल्या. मला ती फुलं आवडत होती. पण खोली आता तिची होती.

"मॅडम, चला, शैला मॅडमचा तास हाये. शेवटचं बसा ना," ती म्हणाली.

निघालो. ती सायकलीवर, मी कुबड्यांवर. ढकलायला कुणी नव्हतं, सगळ्या वर्गात पोचल्या होत्या. वर्गाच्या वळणाशी आल्यावर कांचनने पॅडल थांबवलं. फाटकाबाहेरून तर्रीचा वास येत होता. तिथे एकाची पोह्यांची गाडी लागते.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं.

"मॅडमले राग येईन," मी म्हणाले. तिच्यासारखं बोलायला गेले, जमलं नाही.

"येऊ द्या," ती म्हणाली, आणि सायकल वळवली.

माझं आयुष्यातलं पहिलं बुडवणं. मी सारखी मागे बघत होते. कांचन एकदाही नाही. तिला सवय होती, आणि त्याही सवयीचा मला हेवा वाटला. वर्गाच्या खिडकीखालून जाताना आतून शैलाचा आवाज आला. हजेरी सुरू झाली होती. एकेक नाव, एकेक येस मॅडम. मी आपोआप थांबले.

"कांचन," शैलाने वाचलं.

"येस मॅडम!" प्रणालीचा आवाज, जरा बारीक केलेला.

कांचन गालातल्या गालात हसली आणि फाटकाकडे निघाली. मी खिडकीखालीच उभी राहिले. हजेरी संपेपर्यंत ऐकत राहिले. सगळी नावं झाली, वही मिटल्याचा आवाज आला. माझ्या दोन्ही पदव्यांच्या काळात माझं नाव कुणी पुकारलंच नव्हतं. मग माझ्या जागी येस म्हणायला कोण येणार होतं?

"चला ना मॅडम!" फाटकातून कांचन ओरडली. "थंडे होऊन राह्यले पोहे!"